चर्मभक्षी भुंगेऱ्यांचे जीवाश्म

चर्मभक्षी भुंगेरे हे ढालपंखी कीटकांच्या गणातील डर्मेस्टिडी या कुलाचे सामान्य नाव होय. वाळलेले कातडे, केस, पिसे, लोकर, सुकी मासळी, मेलेले कीटक आणि काही जातींच्या बाबतीत साठवणीतील धान्य हे त्यांचे अन्न आहे. आज या कुलातील सतराशेहून अधिक जाती ज्ञात असून जीवाश्मरूपातील जाती त्या मानाने फारच थोड्या आहेत. हे जीवाश्म मध्य जुरासिक काळापासून, म्हणजे सुमारे 16.5 कोटी वर्षांपासून पुढे मिळतात. त्यांपैकी बहुतेक तृणमण्यात, म्हणजे अश्मीभूत राळेत, बंदिस्त झालेले आहेत. काही सरोवरांच्या गाळापासून बनलेल्या पातळ थरांत सापडतात, तर काही ठिकाणी भुंगेरा मिळत नाही, त्याने हाडावर केलेली कोरीव खूण तेवढी मिळते.

नाव

कार्ल लिनीअस यांनी 1758 मध्ये डर्मेस्टीस ही प्रजाती स्थापन केली. ‘कातडे’ आणि ‘खाणे’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. कुल म्हणून या गटाला लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने 1804 मध्ये मान्यता दिली. मराठीत संपूर्ण कुलासाठी रूढ असा एक शब्द नाही. गव्हाच्या कोठारातील खपरा भुंगेरा शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. तो याच कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम असे आहे. कोकणात सुक्या बोंबलांच्या टोपलीत वळवळणाऱ्या केसाळ अळ्या दिसतात, त्याही बहुधा डर्मेस्टीस प्रजातीच्या असतात. लोकरी कपड्यांना ‘कसर लागली’ असे म्हणताना मात्र एकच एक कीटक अभिप्रेत नसतो. त्या एका शब्दात पतंगाची अळी आणि या कुलातील अँथ्रिनस व अ‍ॅटॅजिनस या प्रजातींच्या अळ्या अशा सर्वांचा समावेश होतो.

इंग्रजीतून वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा येथे एक गोंधळ होण्याचा संभव आहे. ट्रॉजिडी या दुसऱ्या कुलातील भुंगेऱ्यांनाही कातड्यावरून पडलेलेच नाव आहे आणि तेही जनावरांच्या वाळलेल्या अवशेषांवर येतात. परंतु ते शेणकिड्यांच्या नात्यातील आहेत. त्यांची शृंगिका टोकाशी पाकळ्यांसारखी उलगडते. खाद्य एक असले म्हणून कुल एक होत नाही. जीवाश्मांची नावे वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

शरीररचना आणि सवयी

प्रौढ भुंगेरा लहान, बहुधा 2 ते 12 मिलिमीटर लांबीचा, अंडाकृती किंवा लांबट असून त्याच्या अंगावर केस किंवा खवले असतात. शृंगिकेचे टोक फुगीर गदेसारखे असते. संकटाची चाहूल लागताच ती गदा छातीच्या खालच्या अंगाला असलेल्या खाचेत दडवली जाते. पुष्कळ प्रजातींच्या कपाळावर दोन संयुक्त डोळ्यांखेरीज मधोमध एक साधा डोळा असतो. भुंगेऱ्यांत ही गोष्ट विरळा असल्याने जीवाश्मात तो एक ठिपका दिसला तरी कुलाची ओळख बरीच पक्की होते. स्वतः डर्मेस्टीस प्रजातीत मात्र तो नसतो. ज्या प्रजातीवरून कुलाला नाव मिळाले तिलाच कुलाची ही सर्वांत सोयीची खूण नसावी, ही वर्गीकरणातील एक गंमतच म्हटली पाहिजे.

अळीचे शरीर दाट केसांनी झाकलेले असते. मेगॅटोमिनी या उपकुलातील अळ्यांच्या शेपटीकडील भागावर भाल्याच्या टोकासारखे विशेष केस असतात. मुंगी किंवा अन्य शत्रू जवळ आला की हे केस सुटून त्याच्या पायांत व मुखांगांत अडकतात. अळी अनेक वेळा कात टाकते. कात पोकळ, हलकी आणि टिकाऊ असल्यामुळे ती राळेत चिकटण्याची शक्यता अळीपेक्षा अधिक असते. जीवाश्मांच्या अभ्यासात टाकलेल्या कातीला एवढे महत्त्व प्राप्त झाले आहे ते यामुळेच.

डर्मेस्टीस मॅक्युलेटससारख्या जातींत पूर्ण वाढलेली अळी कोषावस्थेसाठी सुरक्षित जागा शोधते आणि लाकूड, बूच, प्रसंगी हाडसुद्धा पोखरून त्यात खोली करते. तेथे ती काही खात नाही, केवळ आसरा घेते. मृत जनावराचा ओलावा संपून कातडे व स्नायुबंध वाळले की हे भुंगेरे येतात. त्यांची ही ठरलेली पाळी न्यायवैद्यकातही उपयोगी पडते. प्राणिसंग्रहालयांतील सांगाडे स्वच्छ करण्यासाठी निसर्गविज्ञान वस्तुसंग्रहालये या भुंगेऱ्यांच्या वसाहती मुद्दाम पाळतात. ईजिप्तमधील ममींतही डर्मेस्टीसचे अवशेष मिळालेले आहेत.

वर्गीकरण

डर्मेस्टिडी कुलाचा समावेश सध्या बॉस्ट्रिकॉइडिया या अधिकुलात केला जातो. लाकूड पोखरणारे बॉस्ट्रिकिडी आणि सिगारेट भुंगेरा ज्यात येतो ते टायनिडी ही त्याची जवळची कुले होत. कुलाची सर्वसाधारणपणे सहा उपकुले मानतात: डर्मेस्टिनी, थोरिक्टिनी, ऑर्फिलिनी, ट्रिनोडिनी, अ‍ॅटॅजिनिनी आणि मेगॅटोमिनी. या विभागणीवर सर्वांचे एकमत झालेले नाही. थोरिक्टस प्रजातीतील भुंगेरे मुंग्यांच्या वारुळात राहतात आणि काही तर मुंगीच्या शृंगिकेला चिकटून असतात. या राहणीमुळे त्यांचे रूप इतके बदलले आहे की एके काळी त्यांना स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला जात असे. ऑर्फिलस प्रजातीच्या अळ्या मृत, बुरशी लागलेल्या लाकडात वाढतात. ट्रिनोडीसच्या अळ्या कोळ्यांच्या जाळ्यांजवळ राहून तेथील कीटकांचे अवशेष खातात. कातडे खाणारा गट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुलातील ही विविधता पाहिली म्हणजे सवयीवरून वर्गीकरण करणे किती फसवे आहे ते कळते.

जिवंत जातींचे उपकुल ठरवताना अळीचे केस, प्रौढाची जननेंद्रिये, मागच्या पायाच्या बुडाशी असलेल्या फलकाचा आकार, शृंगिकेच्या गदेतील खंडांची संख्या इत्यादी लक्षणे तपासतात. अलीकडे जनुकांचीही तुलना केली जाते. जीवाश्मात जननेंद्रिये क्वचितच दिसतात आणि जनुके तर उरतच नाहीत. दगडातील ठशात बहुधा पाठच दिसते, पोट दिसत नाही. पुष्कळदा केवळ टणक पुढचे पंख उरतात. मग लक्षणे दोन-तीनच हाती राहतात आणि त्यांवरून द्यायचे नाव कच्चे राहते. एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या अनेक ठशांना त्या वेळच्या अभ्यासकांनी आधुनिक प्रजातींची नावे मोकळ्या हाताने दिली. त्यांतील प्रत्येक नाव आज मूळ नमुना पाहून पुन्हा तपासावे लागते. कुलाचे वय ठरवताना अशा एखाद्या चुकीच्या नावावर भिस्त ठेवली तर हिशेब कोट्यवधी वर्षांनी चुकतो. जनुकीय घड्याळ लावण्यासाठी जीवाश्मांचेच वय आधाराला घेतले जात असल्याने ती चूक मग संपूर्ण वंशवृक्षात पसरते.

प्रमुख जीवाश्म

चीनमधील अंतर्गत मंगोलियात दाओहुगौ येथील मध्य जुरासिक थरांतून मिळालेल्या पॅराडर्मेस्टीस जुरासिकस या जातीचे वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. कुलातील सर्वांत जुना खात्रीचा प्रतिनिधी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. ज्वालामुखीच्या बारीक राखेने भरलेल्या सरोवराच्या तळाशी तो कीटक दबला गेला. राखेचे कण अतिशय सूक्ष्म असल्याने शरीराचे बारकावे उमटले.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा लेबाननच्या पूर्व क्रिटेशस तृणमण्याचा आहे. तेथील क्रेटोनोडीस अँटुनाझारी या जातीचे वर्णन 2009 मध्ये झाले. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील काचिन प्रांतातील तृणमणी सुमारे 9.9 कोटी वर्षांचा आहे. त्यातून अ‍ॅटॅजिनस बर्मिटिकस ही जाती 2017 मध्ये नोंदवली गेली. आपल्या घरांतील गालिचे खाणारा कीटक ज्या प्रजातीत मोडतो तीच ही प्रजाती होय. त्याच तृणमण्यात भाल्याच्या टोकासारखे केस असलेली अळीही मिळाली आहे. तेव्हा शत्रूला गुंतवण्याची ही युक्ती निदान तेवढी जुनी आहे. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या उत्तर क्रिटेशस तृणमण्यातही अ‍ॅटॅजिनस आढळला असून त्याचे रूप आजच्या जातींहून फारसे वेगळे नाही.

काचिनच्या तृणमण्याबाबत एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील खाणी सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात आहेत. 2020 मध्ये पृष्ठवंशीय पुराजीवशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा नमुन्यांवरील संशोधन छापण्याबाबत नियतकालिकांना संयम बाळगण्याचे आवाहन केले. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु नमुना कोठून, कोणाच्या हातून आणि केव्हा आला हे लिहिणे आता वर्णनाइतकेच आवश्यक मानले जाऊ लागले आहे.

या सर्वांत लक्षवेधी शोध स्पेनमधील आहे. तेरुएल प्रांतातील सान हुस्त येथील सुमारे 10.5 कोटी वर्षांपूर्वीच्या तृणमण्यात डायनोसॉरच्या पिसांचे तुकडे आणि त्यांना अगदी लगटून या कुलातील अळ्यांच्या काती आढळल्या. हे संशोधन 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. पिसे कोणत्या डायनोसॉरची हे निश्चित करता येत नाही, परंतु ती मांसाहारी डायनोसॉर ज्या थेरोपोड गटात येतात त्या गटातील आहेत. अळ्या घरट्यात गळलेली पिसे खात असाव्यात असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. आजही पक्ष्यांच्या घरट्यांत या कुलातील अळ्या हेच काम करतात. अळीमुळे यजमानाला अपाय होत होता असे दाखवणारा पुरावा त्या नमुन्यात नाही.

बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील इओसीन तृणमण्यात या कुलाच्या जाती सर्वांत अधिक संख्येने मिळतात. तृणमण्यात अ‍ॅटॅजिनिनी व मेगॅटोमिनी वरचेवर दिसतात आणि डर्मेस्टीस मात्र दगडी थरांत दिसतो, यामागे सवयींचाच भाग असावा. पहिल्या दोन गटांचे प्रौढ परागकण खाण्यासाठी फुलांवर व झाडांवर वावरतात, म्हणून राळेत अडकतात. मृत जनावरापाशी जमिनीवर राहणारा डर्मेस्टीस पाण्यात वाहून गेला तर गाळात पुरला जातो. अमेरिकेतील कोलोराडो राज्यातील फ्लोरिसंट येथे सुमारे 3.4 कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरात नेमके असे झाले. तेथील डर्मेस्टीस टर्शिएरियस या जातीचे वर्णन विकहॅम यांनी 1912 मध्ये केले.

हाडांवरील खुणा

भुंगेरा कुजून गेला तरी त्याने पोखरलेले हाड शिल्लक राहते. अशा खुणांना कीटकाचे नाव देत नाहीत. खुणांची स्वतंत्र नामपद्धती आहे. मादागास्कर आणि अमेरिकेतील यूटा येथील उत्तर क्रिटेशस डायनोसॉरांच्या हाडांवरील अंडाकृती पोकळ खोल्यांना 2007 मध्ये क्युबिक्युलम असे नाव देण्यात आले. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात मिळालेल्या उत्तर जुरासिक काळातील कॅम्प्टोसॉरसच्या हाडांवरील ओरखडे, खड्डे व बोगदे यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते याच कुलाच्या भुंगेऱ्यांचे असल्याचे मत मांडले गेले. वाळवी व अन्य काही कीटकही हाड कुरतडतात. म्हणून जबड्याच्या ओरखड्यांची जोडी, खोलीचा आकार आणि सांगाडा किती काळ उघड्यावर पडला होता याची चिन्हे ही सर्व एकत्र पाहावी लागतात. अशा खुणांवरून एवढे मात्र कळते की प्राणी मेल्यानंतर पुराने लगेच गाडला गेला नाही. त्याचा देह कोरड्या हवेत काही आठवडे वा महिने पडून वाळला.

महाराष्ट्रातील खडक आणि कीटकजीवाश्म

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका संपूर्णपणे दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून हा खडक बनला. ताम्हिणी घाटाच्या कापलेल्या कड्यांत हे थर स्पष्ट दिसतात. तप्त लाव्हात कीटक टिकणे अशक्य असल्याने मुळशीच्या काळ्या दगडात भुंगेरा शोधणे व्यर्थ आहे. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. ही पूर्वी उघडी पडून झिजलेली जमीन होय. पण तिच्यात लोह गंजलेले आणि माती भाजलेली असते, त्यामुळे नाजूक अवशेष राहत नाहीत. दगडाच्या पोकळीतील पांढरे स्फटिक किंवा फटीत उमटलेली मँगनीजची नेच्यासारखी काळी नक्षी जीवाश्म समजून जपून ठेवली जाते. दोन्ही खनिजेच आहेत.

विदर्भातील परिस्थिती वेगळी आहे. तेथे लाव्हाच्या प्रदेशाची कड असल्याने प्रवाह पातळ होते आणि दोन उद्रेकांमधील अवकाशात तळी व दलदली तयार झाल्या. त्यांच्या गाळात सिलिका मुरून गारेसारखा कठीण दगड बनला. या थरांना आंतरप्रवाही थर म्हणतात. नागपूरजवळच्या टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या स्कॉटिश मिशनऱ्यांनी अशा थरातून शंख, फळे, बिया आणि त्यांच्यासोबत भुंगेऱ्यांचे टणक पंख गोळा केले. त्यांचा नागपूरच्या भूविज्ञानावरील निबंध 1855 मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात आला. पंखांचा अभ्यास अँड्र्यू मरे यांनी केला व 1860 मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. लोमॅटस हिस्लोपी आणि मेरिस्टॉस हंटेरी ही नावे त्यांनी दोघा संग्राहकांच्या सन्मानार्थ दिली. पहिले नाव झळाळत्या पाठीच्या रत्नभुंगेऱ्यांच्या कुलात, दुसरे सोंडकिड्यांच्या कुलात ठेवले गेले.

मरे यांच्यापुढे डोके नव्हते, शृंगिका नव्हती, पायही नव्हते. होते ते पंख आणि त्यांवरील रेघा व खळगे. वर्गीकरणाच्या अडचणी वर सांगितल्या आहेत, त्यांचे आपल्या प्रांतातील उत्तम उदाहरण हेच होय. पंखावरील रेघांच्या ओळी अनेक कुलांत स्वतंत्रपणे आलेल्या आहेत. शिवाय चर्मभक्षी भुंगेऱ्यांच्या पंखांची ओळख प्रामुख्याने केस व खवल्यांच्या रंगीत नक्षीवरून पटते आणि सिलिकेत मुरताना नेमकी तीच नाहीशी होण्याचा संभव अधिक असतो. हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. तेथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहण्यास ते गेले होते. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. टाकळी आज नागपूर शहराच्या वस्तीत सामावली आहे. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे संग्रह हेच त्या थराचे मोलाचे साक्षीदार आहेत.

त्याहून जुने कीटकजीवाश्म गोदावरी–प्राणहिता खोऱ्यातील कोटा शैलसमूहात मिळतात. ज्या गावावरून त्याला नाव पडले ते कोटा गाव गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुक्यात आहे. या जुरासिक चुनखडीतून मासे, कीटक व भुंगेऱ्यांचे अवशेष नोंदवले गेले आहेत. बारापासॉरस या विशाल डायनोसॉरची हाडेही याच शैलसमूहातील आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव येथील लामेटा थरांत डायनोसॉरांची हाडे व अश्मीभूत विष्ठा विपुल आहे. डोंगरगावच्या सांगाड्यावरूनच आयसीसॉरस कोलबर्टीचे वर्णन झाले. मादागास्करची हाडे भुंगेऱ्यांनी पोखरली त्या काळाच्या काहीच कोटी वर्षे आधी भारत व मादागास्कर एकाच भूखंडाचे भाग होते. हे ध्यानात घेता लामेटाची हाडे साफ करताना त्यांवरील खड्डे व ओरखडे दगडी मळ समजून घासून टाकू नयेत, ती आधी भिंगाखाली पाहावीत.

शेजारच्या गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातील वस्तान व तडकेश्वर येथील लिग्नाइट खाणींत इओसीन काळाच्या आरंभीचा तृणमणी मिळतो. साल व गर्जन यांच्या कुलातील वृक्षांची ती राळ आहे. 2010 च्या अहवालात तिच्यातून कीटकांचे 14 गण व शंभराहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या. खाणीतून कोळशाबरोबर हा तृणमणीही जळणात जाऊ शकतो, म्हणून तो वेळीच वेचणे हे तेथील अभ्यासाचे मुख्य काम ठरते.

संग्रहांवरील संकट

या कुलाच्या अभ्यासकाचा मोठा शत्रू हेच कुल आहे. अँथ्रिनस प्रजातीच्या अळ्या वस्तुसंग्रहालयातील टाचणीवर लावलेले कीटक खातात. शाळेच्या कीटकपेटीत एखाद्या फुलपाखराखाली तपकिरी भुकटी पडलेली दिसली की अळी आत शिरली असे समजावे. ती दिसेपर्यंत अर्धा कीटक गेलेला असतो. दगड व तृणमणी यांना अळीचे भय नाही. परंतु जीवाश्माची ओळख पटवण्यासाठी ज्या आजच्या जातींशी त्याची तुलना करावयाची, त्यांचे मूळ नमुने अशाच पेट्यांत असतात. ज्या नमुन्यावरून जातीला नाव दिले तो नष्ट झाला तर त्या नावाचा आधारच जातो. नॅफ्थॅलिनच्या गोळ्यांनी अळ्या काहीशा दूर राहतात, मरत नाहीत. म्हणून आता संग्रहालये संपूर्ण पेटी काही दिवस गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली ठेवतात आणि वर्षातून ठराविक वेळा प्रत्येक खण उघडून पाहतात. मुळशीसारख्या अतिवृष्टीच्या भागात पावसाळ्यात पेटीला बुरशीचाही उपद्रव होतो, तेव्हा घट्ट झाकण आणि कोरडी हवा या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात. खपरा भुंगेरा मात्र उष्ण व कोरड्या हवेत फोफावणारा आहे. त्याचा जोर या दमट भाताच्या मुलखापेक्षा पूर्वेकडील गव्हाच्या कोठारांत अधिक दिसतो. उपाशी अळी फटीत दडून अनेक महिने, प्रसंगी वर्षे, जिवंत राहू शकते.